कान्हेरी : लेणी पाहायची ती डोंगरासकट

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरीची लेणी पुष्कळ मुंबईकरांनी शाळेच्या सहलीत पाहिलेली असतात. मूर्ती आठवतात, डोंगर मात्र विसरला जातो आणि मग गैरसमज रुजतात.

गैरसमज : पांडवांनी ही लेणी एका रात्रीत कोरली.
वस्तुस्थिती : ही बौद्ध लेणी आहेत. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू झालेले काम जवळपास हजार वर्षे टप्प्याटप्प्याने चालले आणि शंभरहून अधिक लेणी झाली. तिसऱ्या क्रमांकाचे भव्य चैत्यगृह सातवाहनकालीन, दुसऱ्या शतकातले आहे.

गैरसमज : भिक्खू जगाशी संबंध तोडून जंगलात आले.
वस्तुस्थिती : एकांत हवा होता, पण भिक्षा आणि दानाशिवाय विहार चालत नव्हते. सोपारा आणि कल्याण ही गजबजलेली बंदरे या डोंगरापासून पायी गाठता येत. शिलालेखांत तिथल्या दात्यांची नावे आहेत. कल्याणच्या सामिदत नावाच्या सोनाराने पाण्याचे टाके दिले, तर तिथल्याच नंद लोहाराने वाट करून दिली. राजांइतकाच कारागिरांचाही हा वारसा आहे.

गैरसमज : कातळावरचे चर आणि खड्डे ही पावसाने झालेली झीज आहे.
वस्तुस्थिती : त्यांतले बरेचसे मुद्दाम कोरलेले आहेत. उतारावरून धावणारे पावसाचे पाणी या पन्हळींतून विहारांजवळच्या टाक्यांत उतरते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत भरलेल्या टाक्यांवर कोरडे आठ महिने काढायचे, तर लेणे कोरताना उतार ओळखावाच लागे. काही टाक्यांत आजही पाणी असते.

गैरसमज : लेण्यांतली चित्रे पाहायची तर अजिंठ्यालाच जावे.
वस्तुस्थिती : कान्हेरीच्या ३४ क्रमांकाच्या लेण्यात छतावर बुद्धाची अपुरी राहिलेली चित्रे आहेत. अपुरी असल्यामुळेच चित्रकाराची रेषा तिथे उघडी दिसते.

गैरसमज : मूर्ती सांभाळल्या की लेणी सांभाळली.
वस्तुस्थिती : पाणी, पायऱ्या, ओढा आणि उतारावरची झाडी हीसुद्धा त्याच रचनेचा भाग आहे. पन्हळीत प्लास्टिक अडकले की दोन हजार वर्षांची व्यवस्था तुंबते. म्हणून जपायचा आहे तो अख्खा डोंगर. पावसाळ्यात तिथे गेलात, तर मूर्तींआधी एखाद्या पन्हळीचा माग टाक्यापर्यंत काढा. ही जागा का निवडली, ते लगेच कळेल.