वरळीच्या रेंजवरून निघालेली परंपरा

ऑलिंपिक पदक मिळालं की बातमी नेमबाजाची होते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये स्वप्निल कुसळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला पहिल्यांदाच वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं होतं. राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी त्या दिवशी सगळ्यांना माहीत झालं, आणि ते योग्यच झालं. मात्र या पदकाचा एक धागा मुंबईत वरळीला, महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजपर्यंत जातो. कुसळे यांच्या प्रशिक्षक दीपाली देशपांडे तिथे संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली तयार झाल्या. रायफल क्लबचा इतिहास पदकांच्या यादीवरून कळत नाही. तिथे कोणी कोणाला शिकवलं, हे पाहिलं की तो कळतो.

हा खेळ सामान्य घरांत पोचायला क्लबच का लागला, याचं उत्तर कायद्यात आहे. १८७८च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगायला हिंदी माणसाला बंदी केली. युरोपियनांना त्यातून सूट होती. त्यामुळे नेमबाजी उरली ती लष्करात, गोऱ्या साहेबांकडे आणि संस्थानिकांकडे. स्वातंत्र्यानंतरही पहिलं मोठं नाव बिकानेरच्या महाराजा कर्णीसिंहांचं होतं. १९५१मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पात्रता स्पर्धा आजही त्यांच्या नावाने भरते. पुढे १९५९च्या कायद्याने तो भेदभाव संपवला, तरी पॉइंट टू-टू रायफलीला परवाना लागतोच. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने रायफल आणायची कुठून आणि झाडायची कुठे? तिच्यासाठी वाट एकच होती: क्लबची रायफल, क्लबची रेंज आणि तिथला शिकवणारा माणूस.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि छर्रा साडेचार मिलिमीटरचा. श्वास कुठे थांबवायचा, ट्रिगरवर दाब किती हळू वाढवायचा, गोळी सुटल्यावरही क्षणभर रायफल तशीच का धरायची, हे पुस्तक वाचून अंगात मुरत नाही. शेजारी उभं राहून चूक पाहणारा कोणीतरी लागतो. वरळीत चक्रवर्ती तसे उभे राहिले. एन.सी.सी.तून या खेळात आलेल्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचल्या. २००४मध्ये क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत सुमा शिरूर यांनी पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले, म्हणजे चाळीसच्या चाळीस गोळ्या त्या ठिपक्याला लागल्या. त्याच वर्षी अथेन्सला अंजली, सुमा आणि दीपाली तिघीही भारताकडून उतरल्या. एकाच शिक्षकाच्या तीन शिष्या एकाच ऑलिंपिकला गेल्या, याला योगायोग म्हणता येणार नाही.

यावर अभिनव बिंद्रा यांचं उदाहरण कोणी देईल. घरच्या रेंजवर सराव करून त्यांनी २००८मध्ये सुवर्ण जिंकलं. मग क्लब हवाच कशाला? आक्षेप खरा आहे, पण घरी रेंज बांधण्याची ऐपत किती घरांची असते? सार्वजनिक धोरण अपवादावर उभं करता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हत्यारांचं आकर्षण वाढेल असं काही समाजाने पोसावं का? ही भीती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण शिस्त लागते तीही रेंजवरच. हुकूम झाल्याशिवाय रायफल भरायची नाही, नळी कायम लक्ष्याच्या दिशेला, ‘थांबा’ म्हटलं की सगळ्यांनी त्याच क्षणी थांबायचं. हे नियम जिथे रोज पाळून घेतले जातात, ती जागा बंद केल्याने समाज जास्त सुरक्षित होईल, असं मला वाटत नाही.

खासगी अकादम्या आल्या, आता जुन्या क्लबांचं काम संपलं, असंही ऐकू येतं. पण या अकादम्या कोणी काढल्या ते पाहिलं पाहिजे. सुमा शिरूर यांनी पनवेलला लक्ष्य शूटिंग क्लब उभा केला. जयपूरच्या अवनी लेखरा यांनी २०२१मध्ये टोकियो पॅरालिंपिकला व्हीलचेअरवरून सुवर्ण जिंकलं, पॅरालिंपिक सुवर्ण मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या, तेव्हा त्यांच्या प्रशिक्षक सुमाच होत्या. पॅरिसला अवनी यांनी ते सुवर्ण पुन्हा जिंकलं.