सायकलवर विसावलेला मधमाश्यांचा थवा : स्वरूप, धोका आणि व्यवस्थापन
(विशेष संदर्भ : वऱ्हाडातील महाविद्यालयीन परिसर)

प्रस्तावना :

वऱ्हाडात माघ-फाल्गुनात पळस व काटेसावर फुलतात. पाठोपाठ मोह व कडुनिंबाचा बहर येतो. अमरावती जिल्ह्यातील वरूड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याचा आंबिया बहरही याच सुमारास फुलावर असतो. मधमाश्यांच्या दृष्टीने हा सुगीचा काळ होय. महाविद्यालयांच्या दृष्टीने तो परीक्षांचा काळ असतो. अशा एखाद्या दिवशी सायकल स्टँडमधील सायकलच्या हँडलला किंवा सीटखाली मधमाश्यांचा घोस लोंबकळताना दिसतो आणि क्षणार्धात गर्दी जमते. कोणी दगड उचलतो, कोणी पाणी मारू पाहतो, कोणी रॉकेलचा बोळा पेटविण्याची सूचना करतो. वस्तुतः धोका बहुधा येथूनच सुरू होतो. प्रस्तुत लेखात थव्याचे स्वरूप स्पष्ट करून महाविद्यालयाने करावयाच्या कार्यवाहीचे विवेचन केले आहे.

थवा आणि पोळे यांतील भेद :

मराठीत 'मोहोळ' हा शब्द माश्या आणि पोळे या दोहोंसाठी सर्रास वापरला जातो. त्यामुळे एक महत्त्वाचा भेद झाकला जातो. पोळे म्हणजे मेणाचे घर. त्यात अंडी, अळ्या आणि मध असतो व त्याच्या रक्षणासाठी कामकरी माश्या प्राणपणाने लढतात. थवा म्हणजे घर सोडून निघालेला समूह. वसाहत भरभराटीस आली की जुनी राणीमाशी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक कामकरी माश्यांसह बाहेर पडते आणि मूळ घर नव्या राणीकडे जाते. म्हणजेच थवा सुटणे ही वसाहतीच्या पुनरुत्पादनाची रीत होय.

बाहेर पडलेली राणी जेथे टेकते, तेथे तिच्या गंधाने सर्व माश्या गोळा होतात. ती जागा फांदी, खांब किंवा सायकलही असू शकते. सायकलची निवड हा केवळ योगायोग असतो. तो मुक्काम नव्हे, विसावा असतो. दरम्यान शोधक माश्या नवे घर हुडकण्यास निघतात. जर्मन शास्त्रज्ञ मार्टिन लिंडॉअर यांना १९४९ मध्ये म्युनिक येथे थव्यावर नाचणाऱ्या काही माश्या काजळी व विटांच्या भुकटीने माखलेल्या दिसल्या. त्या परागकण आणीत नसून युद्धात पडझड झालेल्या शहरात घर शोधत होत्या, हे त्यांनी ओळखले. शोधक माश्या नृत्याद्वारे आपापली जागा सुचवितात आणि पुरेशा माश्यांचा कल एका जागेकडे झाला की सारा थवा उडतो. अमेरिकन अभ्यासक थॉमस सीली यांनी २०१० च्या ग्रंथात या प्रक्रियेस मधमाश्यांची लोकशाही असे संबोधले आहे. हा निर्णय काही तासांत, क्वचित दोन-तीन दिवसांत होतो.

थव्यातील माश्यांनी निघताना पोटभर मध घेतलेला असतो आणि रक्षण करावे असे घर त्यांच्याजवळ नसते. म्हणून न डिवचलेला थवा सामान्यतः शांत असतो.

वऱ्हाडातील जाती व सावधगिरी :

वरील विधान मात्र सरसकट लागू करणे धोक्याचे ठरेल. विदर्भात प्रामुख्याने तीन जाती विचारात घ्याव्या लागतात. फुलोरी माशी आकाराने सर्वांत लहान असून उघड्यावर एकच छोटे पोळे बांधते. सातेरी माशी मध्यम आकाराची असून झाडाच्या ढोलीत वा भिंतीच्या पोकळीत राहते. तिसरी आग्या माशी. ती सर्वांत मोठी असून उंच झाडे, कडे, पाण्याच्या टाक्या व इमारतींचे सज्जे यांवर मोठी पोळी बांधते. फुलोऱ्यानुसार ती दूरवर स्थलांतर करते आणि वाटेत थव्याने विसावते. डिवचली गेल्यास ती समूहाने हल्ला करून बराच अंतर पाठलाग करते. जात ओळखता येत नसेल, तर थवा आग्या माश्यांचाच आहे असे मानून वागणे, हाच सुरक्षित नियम होय.

आणखी एक बाब लक्षात घ्यावी. दीर्घ सुटीत कोपऱ्यात पडून राहिलेल्या सायकलवर फुलोरी माशीचे खरेखुरे पोळेही असू शकते. मेणाचे पोळे दिसल्यास माश्या आपोआप जातील ही अपेक्षा व्यर्थ असते; तेथे जाणकाराचीच गरज भासते.

प्रत्यक्ष कार्यवाही :

१) सायकल जागेवरून हलवू नये. सुमारे शंभर फुटांचा परिसर दोरी बांधून मोकळा करावा व तेथे एक कर्मचारी नेमावा.
२) दगड, पाणी, धूर, आग किंवा कीटकनाशक यांचा वापर कटाक्षाने टाळावा.
३) जवळच्या वर्गखोल्यांच्या खिडक्या बंद कराव्यात. परीक्षा असल्यास विद्यार्थ्यांना दुसऱ्या प्रवेशद्वाराने आत घ्यावे.
४) थवा दुसऱ्या दिवशीही न हलल्यास, किंवा जागा मोकळी ठेवणे अशक्य असल्यास, प्रशिक्षित मधपाळास बोलवावे. सातेरीचा थवा मधपाळ पेटीत भरून नेऊ शकतो.
५) थवा उडून गेल्यावर काही चुकार माश्या गंधामुळे घुटमळतात. त्या गेल्यानंतर सायकल साबणाच्या पाण्याने धुवावी.

मधपाळाचा शोध ऐनवेळी घेणे व्यर्थ होय. पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था, महाबळेश्वर येथील मध संचालनालय, जिल्ह्याचे खादी व ग्रामोद्योग कार्यालय आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ यांच्याकडे आधीच विचारणा करून जवळच्या मधपाळाचा क्रमांक कार्यालयात लावून ठेवावा.

दंश झाल्यास :

माशीचा काटा त्वचेत रुतून राहतो आणि त्याला जोडलेली विषाची पिशवी विष सोडीत राहते. काटा चिमटीने काढावा की खरवडून, या वादात वेळ दवडू नये. पद्धतीपेक्षा त्वरा महत्त्वाची, असे १९९६ मधील अमेरिकन संशोधनाने दाखविले आहे. दंशाच्या जागी पिकलेल्या केळ्यासारखा वास असलेले इशाऱ्याचे रसायन पसरते व ते इतर माश्यांना त्याच जागी खेचते. म्हणून तेथे थांबून हात न झटकता, चेहरा झाकून सरळ बंद खोलीत जावे. श्वास लागणे, ओठ वा जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, भोवळ येणे ही तीव्र ॲलर्जीची लक्षणे होत. अशा वेळी एक दंशही प्राणघातक ठरू शकतो आणि ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन तातडीने मिळणे आवश्यक असते. असंख्य दंश झालेल्या व्यक्तीस, लक्षणे नसली तरी, १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने रुग्णालयात न्यावे.

समारोप :

सायकलवरील थवा हा हल्ला नसून प्रवासातील थांबा आहे. संत्रा, तूर, सूर्यफूल, कांदा-बियाणे यांसारख्या पिकांच्या परागीभवनाला ज्या माश्यांचा हातभार लागतो, त्यांना जाळणे हे शेतीप्रधान वऱ्हाडास परवडणारे नाही; आणि त्यांना डिवचून विद्यार्थ्यांचा जीव धोक्यात घालणे तर मुळीच नाही. दोरी, पहारा, एक दूरध्वनी क्रमांक आणि दिवसभराचा संयम एवढ्यावर बहुतेक प्रसंग निभावतात. महाविद्यालयाच्या आपत्ती व्यवस्थापन आराखड्यात आग व पूर यांच्या जोडीने या विषयाचे एक पान असावे आणि ते शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सर्वांच्या वाचनात असावे, एवढेच येथे सुचवावेसे वाटते.