आधी गिऱ्हाइकाचा प्रश्न, मग दुकानाची पाटी

‘उत्तम माल, वाजवी दर’ ही पाटी कोणत्या बाजारपेठेत दिसत नाही? ती खोटी असते असे नव्हे; पण शेजारच्या दुकानावरही तीच असल्याने गिऱ्हाईक ती वाचून थांबत नाही. पाटीचे, हँडबिलाचे आणि आता मोबाईलवरील जाहिरातीचे पैसे मात्र आपल्याच गल्ल्यातून जातात. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद राहतात. त्यामुळे मोजक्या महिन्यांत वर्षाची कमाई करणाऱ्या मुरुडच्या व्यावसायिकाला हा खर्च वाया घालवणे परवडत नाही.

मोठ्या कंपन्या आधी गिऱ्हाइकाला समजून घेतात. १९७५ साली हिंदुस्थान लिव्हरने लिरिल साबण आणला. त्याची जाहिरात मुंबईच्या लिंटास संस्थेने केली. तेथील अलेक पदमसी यांनी पुढे सांगितले, की पाहणीतून एक गोष्ट कळली होती : घरच्यांसाठी राबणाऱ्या गृहिणीला स्वतःची अशी दहा मिनिटे न्हाणीघरातच मिळतात. म्हणून जाहिरातीत मळाची चर्चा न करता धबधब्याखाली मोकळेपणी भिजणारी तरुणी दाखवली. ते चित्र सर्वांना रुचेल असे नाही, पण त्यामागची पद्धत घेण्यासारखी आहे.

आपल्याला त्यासाठी एक वही पुरे. आम्ही असे सुचवतो, की पंधरा दिवस येणाऱ्याचा पहिला प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहावा. तो कुठून आला, सोबत मुले की वृद्ध, हेही टिपावे, नाव-पत्ता नको. काही न घेता परतणाऱ्याचा प्रश्न तर जरूर लिहावा, कारण आपली उणीव तोच दाखवतो. ‘माल आवडला का?’ असे विचारू नये. तोंडावर कोणी नाही म्हणत नाही. ‘मागच्या वेळी कुठून घेतला आणि का?’ असे विचारावे.

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्याला नेणाऱ्यांचेच पाहा. किल्ल्याचा इतिहास पाटीवर लिहिणे सोपे. पण कुटुंब घेऊन आलेल्या माणसाची काळजी वेगळी असू शकते. हलत्या होडीतून दरवाजाच्या पायरीवर उतरणे आईला जमेल का? वहीत हा प्रश्न वारंवार आला, तर ‘वृद्धांना हात धरून उतरवतो’ हीच पाटीची पहिली ओळ हवी. घरगुती जेवण देणाऱ्याकडे ‘मुलांसाठी कमी तिखट मिळेल का?’ हा प्रश्न येईल, तर सुपारीवाल्याकडे परगावी परतणारा विचारेल, ‘विमानात नेण्याजोगे बांधून द्याल का?’

पंधरा दिवसांनी प्रश्न मोजावेत आणि सर्वाधिक आलेल्या प्रश्नाचे उत्तर पाटीवर लिहावे. मात्र ते उत्तर खरे असले पाहिजे. हात धरायला माणूस नसेल, तर आधी माणूस ठेवावा, मग रंगाऱ्याला बोलवावे. पाटीवरचा शब्द धक्क्यावर खोटा ठरला, तर ते गिऱ्हाईक पुन्हा येणार नाही आणि इतरांनाही येऊ देणार नाही.