अंड्याचा आकार आणि कोंबडीचे खाद्य

बोरघाटाच्या माथ्यावरील खंडाळा, लोणावळा व लगतच्या मावळ भागात भात हे मुख्य पीक असल्याने भातगिरणीतील कोंडा सहज व स्वस्त मिळतो. तयार खाद्य महागले म्हणजे कोंबड्या पाळणारे शेतकरी त्यात हा कोंडा मिसळतात. काही दिवसांनी अंडी लहान पडू लागतात, व्यापारी भाव पाडतो, आणि दोष मात्र कोंबडीच्या जातीस किंवा पावसाळी हवेस दिला जातो. गेल्या पावसाळ्यात खंडाळ्याजवळील एका शेतकरी बांधवाकडे प्रस्तुत लेखकानेही प्रथम हवेलाच दोष दिला होता. पुढे तेथील कोंडा बारीक चाळणीने चाळून पाहिला, तेव्हा चाळणीवर तुसाचा ढीग राहिला.

हलर गिरणीत तूस काढणे व तांदूळ सडणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात. त्यामुळे कोंड्यात तूस मिसळलेले असते. रबरी रुळांच्या गिरणीत तूस आधी वेगळे होते व नंतर निघणारा कोंडा शुद्ध असतो. शुद्ध कोंड्यात सुमारे १२ टक्के प्रथिने व तितकेच किंवा त्याहून अधिक तेल असते. तुसात प्रथिने जेमतेम ३ टक्के असून कोंबडीस ते पचतही नाही.

आता हिशेब पाहावा. अंडी देणारी कोंबडी दिवसास सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. खाद्यात १७ टक्के प्रथिने असल्यास तिला सुमारे १९ ग्रॅम प्रथिने मिळतात. तीन भाग खाद्यात एक भाग तूस गेले की प्रमाण साडेतेरा टक्क्यांवर येते व तेवढ्याच खाद्यातून १५ ग्रॅमच प्रथिने पोटात जातात. कोंबडी अधिक खाऊन तूट भरून काढू पाहते, परंतु हलक्या तुसाने तिचे पोट आधीच भरते. अंड्याच्या वजनाचा सुमारे सहा-दशांश भाग पांढरा बलक असतो आणि त्यातील पाणी वगळता बहुतेक सर्व प्रथिनेच असतात. तूट थोडी असेल तर कोंबडी बहुधा अंड्यांची संख्या टिकवून आकार कमी करते. म्हणूनच रोजची अंडी मोजणाऱ्याच्या ती लवकर लक्षात येत नाही.

प्रथिनांचे प्रमाण पुरेसे असूनही त्यांतील मेथिओनिन हा घटक कमी पडला तर अंडे लहानच राहते. भुईमुगाच्या व सोयाबीनच्या पेंडीत तो कमी असतो. तिळाच्या पेंडीत व सुक्या मासळीच्या कुटीत चांगला असतो. तयार खाद्यात तो वेगळा मिसळलेला असतो. दुसरा घटक म्हणजे तेलातील लिनोलिक आम्ल. खाद्यात ते सुमारे एक टक्का हवे. मका व ताजा शुद्ध कोंडा यांतून ते मिळते. तेल काढून घेतलेला कोंडा टिकतो खरा, परंतु त्यात हा गुण उरत नाही. आणि तेलयुक्त कोंडा आपल्याकडील दमट हवेत लवकर खवट होतो. तो थोडा थोडा आणावा. भुईमुगाच्या पेंडीवर बुरशी दिसल्यास ती मुळीच घालू नये. तीत अफलाटॉक्सिन हे विष असू शकते.

शिंपल्यांचा चुरा वाढविला म्हणजे अंडे मोठे होईल, हा समज चुकीचा आहे. चुन्याने कवच बळकट होते. आकार वाढत नाही.

उन्हाळ्यात भूक मंदावल्यानेही अंडी लहान पडतात. त्या वेळी खाद्य सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात द्यावे व पाणी थंड ठेवावे. तलंगांची पहिली अंडी लहान असणे स्वाभाविक आहे. मात्र पुरेसे वजन भरण्यापूर्वीच अंड्यावर आलेली तलंग पुढेही लहान अंडी देत राहते. तलंगांच्या खाद्यात केलेली काटकसर अशी वर्षभर भोवते. गावरान कोंबडीचे अंडे जातीनेच लहान असते. कितीही खाऊ घातले तरी ते संकरित कोंबडीच्या अंड्याएवढे होणार नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आठवड्यातून एकदा ३० अंड्यांचा ट्रे तोलून रिकाम्या ट्रेचे वजन वजा करण्याची सवय शेतकऱ्यांस लावावी. ॲगमार्क प्रतवारीत ५३ ते ५९ ग्रॅमचे अंडे मोठे व ४५ ते ५२ ग्रॅमचे मध्यम गणले जाते. म्हणजे ३० अंडी १,५९० ग्रॅमच्या खाली आली की सरासरी मोठ्या प्रतीतून उतरली. त्या दिवशी प्रथम कोंड्याचे पोते उघडून चाळणी हाती घ्यावी.