अफगाण आरोग्यव्यवस्थेची पुनर्घटना

इ. स. २००२ मध्ये अफगाणिस्तानच्या चार जिल्ह्यांत घरोघर फिरून मातामृत्यूंची जी पाहणी झाली, तीत दर लाख जिवंत जन्मांमागे काबूल शहरात सुमारे चारशे, तर बदख्शानच्या दुर्गम रघ जिल्ह्यात सुमारे साडेसहा हजार माता मृत्युमुखी पडत असल्याचे आढळले; आणि हा दुसरा आकडा जगात आजवर कोठेही नोंदल्या गेलेल्या प्रमाणांत सर्वाधिक मानला जातो. या स्त्रिया गोळीने मेल्या नव्हत्या. १९७९ च्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा देशात शिरल्यापासून दोन दशके चाललेल्या रणधुमाळीत रस्ते, शाळा, दवाखाने आणि सरकारी कारभार यांची जी धूळधाण झाली, तिच्यामुळे रक्तस्राव थांबविणारे किंवा अडलेली प्रसूती सोडविणारे माणूसच त्यांच्या वाट्यास आले नाही.

तालिबानचा पहिला अंमल २००१ च्या अखेरीस संपून नवे सरकार आले, तेव्हा खजिना रिकामा होता, आणि जी काही वैद्यकीय सेवा चालू होती, तिचा बहुतेक भार देशी-विदेशी सेवाभावी संस्थांच्या शिरावर होता. अशा वेळी राजधानीत भव्य रुग्णालये उभारावीत, हा मोह राज्यकर्त्यांना आणि देणगीदारांना सारखाच पडतो, कारण इमारतीचे उद्घाटन करता येते. काबूलच्या आरोग्य मंत्रालयाने मात्र २००३ मध्ये ‘मूलभूत आरोग्यसेवा-संच’ जाहीर करून निराळी वाट धरली. माता व नवजात अर्भकांची काळजी, लसीकरण, पोषण, क्षय व हिवताप यांसारख्या रोगांचा प्रतिबंध आणि आवश्यक औषधांचा पुरवठा या निवडक गोष्टींस अग्रक्रम देऊन, त्या देशाच्या कानाकोपऱ्यात पोचवावयाच्या, असा हा संकल्प होता. शे-दीडशे घरांमागे त्याच गावचे एक स्त्री व एक पुरुष असे दोन स्वयंसेवक, त्यावर लहान आरोग्यकेंद्र, त्यावर मोठे केंद्र आणि शेवटी जिल्हा रुग्णालय, अशी ही चढती रचना. तिचा खर्च दरडोई दरसाल सुमारे साडेचार डॉलर धरण्यात आला होता.

हे सारे चालविण्यास पुरेसा नोकरवर्ग सरकारपाशी नसल्याने एकेका प्रांताचा मक्ता निविदा मागवून सेवाभावी संस्थांना देण्यात आला, आणि त्यासाठी लागणारा पैसा जागतिक बँक, अमेरिका व युरोपीय आयोग यांनी प्रांत आपसांत वाटून घेऊन पुरविला. प्रजेच्या आरोग्याची जबाबदारी मक्त्याने देणे हे राज्यसंस्थेस शोभते काय, हा आक्षेप रास्त होता. म्हणूनच तीन प्रांतांत मंत्रालयाने स्वतःच कारभार चालवून पाहिला. मक्तेदारांवर देखरेख ठेवण्याकरिता २००४ पासून केंद्राकेंद्रांची तपासणी होऊन प्रत्येक प्रांताचे गुणपत्रक तयार होऊ लागले, आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाबरोबर आपल्या जयपूरच्या आरोग्य-व्यवस्थापन संस्थेनेही त्या कामी भाग घेतला.

परंतु या उभारणीचा खरा प्राण होता प्रसाविका. ज्या समाजात परपुरुषाने प्रसूतिगृहात पाऊल टाकणे अशक्यप्राय, तेथे स्त्री-कर्मचारी नसलेला दवाखाना स्त्रियांच्या दृष्टीने नसल्यातच जमा. प्रारंभी देशभर प्रशिक्षित प्रसाविका पाचशेदेखील नव्हत्या. शहरातून नेमलेली प्रसाविका डोंगराळ मुलखात टिकेना. तेव्हा गावाने स्वतः निवडलेल्या मुलीला प्रांताच्या ठिकाणी सुमारे दीड-दोन वर्षे शिकवून, तिने परत आपल्याच इलाख्यात सेवा करावी, अशी तजवीज करण्यात आली. मुलीला घराबाहेर धाडण्यास वडीलधाऱ्यांची संमती हवी, ती शिकत असता तिच्या तान्ह्या मुलांना सांभाळण्याची सोय हवी, आणि ती परतल्यावर नेमणुकीची जागा तयार हवी. या बारीकसारीक गोष्टींवरच योजनेचे यश अवलंबून होते. काही वर्षांत प्रसाविकांची संख्या हजारांच्या घरात गेली. आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार २००० साली दर लाखामागे हजाराच्या बऱ्याच वर असलेले मातामृत्यूंचे प्रमाण २०२० पर्यंत सुमारे ६२० वर उतरले. हे प्रमाण अजूनही भयंकर आहे. तथापि युद्ध पुन्हा भडकलेल्या देशात ते इतके खाली यावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

या व्यवस्थेचे वैगुण्य ऑगस्ट २०२१ मध्ये उघड झाले. तालिबानने काबूल घेताच परदेशी अनुदान थांबले. सरकारी खर्चाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग ज्या अनुदानावर चालत होता, तेच आटल्यावर दोन हजारांहून अधिक आरोग्यकेंद्रांतील पगार आणि औषधे यांची तरतूद एकाएकी नाहीशी झाली. काही आठवड्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी सरकारी खजिन्यास वळसा घालून तो पैसा थेट सेवाभावी संस्थांकडे पोचविण्यास आरंभ केला, आणि ज्या मक्तापद्धतीवर एवढा आक्षेप घेतला गेला होता, तिच्याचमुळे ही रचना कोसळता कोसळता वाचली.

पैशाची अडचण अशा रीतीने काही अंशी निवारता आली. दुसऱ्या अडचणीस मात्र असा उपाय नाही. मुलींच्या माध्यमिक शाळा २०२१ मध्ये बंद झाल्या, डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांची दारे त्यांना मिटली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये परिचारिका व प्रसाविका यांचे शिक्षणही स्त्रियांना मना करण्यात आले. आज कामावर असलेल्या प्रसाविका निवृत्त होतील, स्थलांतर करतील, वृद्ध होतील. त्यांची जागा घेण्यास कोणी तयार होत नाही. थांबलेले अनुदान काही महिन्यांत पुन्हा सुरू करता येते, पण एक प्रसाविका घडविण्यास आधी शाळेची आठ-दहा वर्षे आणि मग प्रशिक्षणाची दोन वर्षे लागतात. तेव्हा युद्धग्रस्त देशाचे आरोग्य सावरू इच्छिणाऱ्यांनी किती रुग्णालये बांधली, याबरोबरच किती मुली शाळेत गेल्या, हाही हिशेब मांडला पाहिजे. कारण अफगाणिस्तानात दवाखाने बऱ्याच अंशी वाचले, आणि ते पुढे चालविणाऱ्या स्त्रियांची वाट मात्र एका हुकमाने बंद झाली.