टोक नसलेला चाकू

चाकू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सिनेमातला रामपुरी उभा राहतो. त्यामुळे माझ्या खिशातला घडीचा चाकू पाहून लोक दचकतात. ‘कवीला हा कशाला?’ असं विचारतात. मी तो उघडून दाखवतो. धार लख्ख आहे, पण पात्याचा शेंडा गोल, बोथट. हा चाकू कापतो, भोसकत नाही.

कल्पना जुनीच आहे. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं १६६९ साली जेवणाच्या टेबलावरच्या टोकदार सुऱ्यांवर बंदी घातली. भांडणं जिवावर बेतू नयेत, हा हेतू. हेलकावणाऱ्या जहाजावर दोर कापताना टोक स्वतःच्याच अंगात शिरू नये, म्हणून खलाशीही असाच चाकू पसंत करीत. आजचा बचावाचा चाकू त्याच कुळातला.

त्याचं खरं काम अपघातात. गाडीतला माणूस पट्ट्यात अडकलेला असतो, घाबरून हलत असतो. अशा वेळी टोकदार पातं म्हणजे दुसरा अपघात. आधी बकल उघडून पाहावं. नाहीच उघडलं, तर पट्टा ताणून धरावा, बोथट शेंडा अंग आणि पट्टा यांच्यामध्ये सरकवावा, धार बाहेरच्या बाजूला ठेवावी आणि तिरकं ओढावं. पातं करवती दात्यांचं असेल तर पट्ट्याची जाड वीण लवकर तुटते. गाडी उलटली असेल तर माणसाला आधी आधार द्यावा, मगच पट्टा कापावा. आग किंवा पाण्याचा धोका नसेल, तर जखमीला उगाच हलवू नये. मानेला, मणक्याला इजा असू शकते. १०८ ला फोन करावा.

काही चाकूंच्या मुठीला काच फोडायची अणी असते. ती बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर मारावी. समोरच्या काचेच्या दोन थरांमध्ये पारदर्शक पडदा असतो, ती तडकते पण मोकळी होत नाही.

एरवी तो पार्सलची सुतळी कापतो, पाखराच्या पंखात गुंतलेला मांजा सोडवतो. डबा भोसकून उघडणं किंवा बटाट्याचे डोळे काढणं मात्र त्याला जमत नाही. पावसाळ्यात पातं पुसून बिजागरीला तेलाचा थेंब द्यावा. मिटताना बोटं सांभाळावीत, टोक नसलं तरी धार असतेच. विमानात हातातल्या सामानात तो चालत नाही. मेट्रोला किंवा न्यायालयात जाताना तो घरीच ठेवावा.

अपघात झाला की आपल्याकडे गर्दी जमते, पण पुढं कुणी होत नाही. पोलिसांचं झेंगट मागं लागेल, ही भीती. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनं सद्भावनेनं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे, आपलं नाव सांगण्याचीही त्याच्यावर सक्ती नाही. तेव्हा खिशात चाकू असो वा नसो, पाय मागं घेऊ नये.