मुलाच्या हाती दिलेली पुडी

अंमली पदार्थांच्या टोळ्या मालाची ने-आण मुलांकडून करवून घेतात; दप्तर घेतलेल्या मुलाचा संशय सहसा कोणास येत नाही. मुलास अशा कामी लावणारास २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७८ अन्वये ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या जाळ्यात ओढले जाण्याचा संभव असलेले मूल मात्र काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक मानले जाते व त्याचा विचार बाल कल्याण समिती करते.

ऊसतोडीच्या हंगामात पाथर्डीकडील उपस्थिती का रोडावते, हे शिक्षकांस ठाऊकच आहे. परंतु आईबाप गावीच असता मुलगा वारंवार गैरहजर राहू लागला व खिशात पैसे खुळखुळू लागले, तर हजेरीपत्रकावर फुली मारून थांबू नये. त्यास वर्गासमक्ष दरडावू नये. एकांतात विचारावे व १०९८ या क्रमांकावर कळवावे.